पैनगंगेच्या झिऱ्यावर मोगली

मे १९९४. तू बारा वर्षांची आहेस. पैनगंगेचं पात्र देऊळघाटपाशी कोरडं ठण्ण पडलंय आणि झिऱ्यावर तुझा नंबर यायला अजून वेळ आहे. झिरा कमरेइतका खोल. आत उतरलेली बाई करवंटीनं पाणी उपसते, घागरीच्या तोंडावर ताणून धरलेल्या फडक्यातून ओतते आणि थांबते. वाळूतून पाणी पाझरायला वेळ लागतो. तेवढ्यात तुझी दोन-तीन पानं होतात. मांडीवरच्या पुस्तकाचा पुठ्ठा केव्हाच गेलाय, सुटी पानं आईनं खळीनं चिकटवून दिलीत. मोगलीच्या गोष्टी तू परत वाचायला घेतल्यास.

गेल्या वर्षी रविवारी सकाळी दूरदर्शनवर मोगली लागायचा, तेव्हा अख्खी गल्ली एका टीव्हीपुढे बसलेली असायची. पण पुस्तकातला बल्लू चुकलं की पंजाचा फटका देतो, आणि शेरखान मेल्यावरही बऱ्याच गोष्टी उरतात, हे गल्लीत फक्त तुला माहीत आहे.

आज तू दुष्काळाची गोष्ट काढली आहेस. पहिल्यांदा ती पावसाळ्यात वाचलीस आणि मारामारी नाही म्हणून भराभर पानं उलटलीस. आता ती झिऱ्यावर बसून वाच. मोहाला फूलच येत नाही, तिथून सुरुवात होते. मग वैनगंगा आटत जाते आणि पात्राच्या मधोमध एक शिळा उघडी पडते. ती दिसली की म्हातारा हत्ती सोंड वर करून पुकारा करतो: आता पाणवठ्यावर कुणी कुणाची शिकार करायची नाही. हरणं आणि वाघ एकाच पाण्याला तोंड लावतात.

शेजारी उर्दू शाळेतली तुझी मैत्रीण घागर घेऊन बसलीय. ती विचारते, "शेरखान बी आया क्या पानी पीने?"

"आला ना. अन् पाणी खराब केलं त्यानं."

ती वाकून पानाकडे बघते. पलीकडे बकऱ्यांसाठी उथळ खड्डा खणलाय. तिथे बकऱ्या पितात, मग गावातली कुत्री येतात, आणि बायका घरी गेल्या की वानरं उतरतात. त्यांना दगड मारायचा नाही असं कुणी सांगितलेलं नाही. तरी मे महिन्यात कुणी मारत नाही.

रात्री अंगणात बाज टाकली की आबा म्हणतात, "वाच बरं ते लांडग्याचं." तू पहिली गोष्ट काढतेस. लांडग्यांच्या सभेत माणसाचं पोर ठेवायचं की नाही, यावर वाद चाललाय. काळा बिबट्या बगीरा पुढे होतो आणि पोराच्या जिवाच्या बदल्यात नुकताच मारलेला एक धष्टपुष्ट बैल देऊ करतो. मोगली वाचतो. तुला इथे दर वेळी हायसं वाटतं.

आबांना वाटत नाही. ते उठून बसतात. "बैल कोनाचा व्हता पन तो?"

पुस्तकात कुठेच नाही. तू उजेडात धरून मागचं-पुढचं पान बघतेस. कुणाच्या तरी गोठ्यातला एक बैल त्या रात्री कमी झाला आणि पेरणीला जोडी राहिली नाही, त्या घराबद्दल एक ओळ नाही. शेवटच्या गोष्टीत बगीरा पुन्हा एक बैल मारतो, मोगलीला जंगलाच्या ऋणातून मोकळं करायला. दोन्ही बैल गावाचे, आणि फेड मात्र जंगलाची. हे तुझ्या लक्षात येतं ते आबांनी विचारलं म्हणून. मला स्वतःला मोगलीच्या गोष्टी लिहिणाऱ्या किपलिंगचं हे आजही खटकतं: जंगलातल्या प्रत्येकाला त्यानं कायदा दिला, आणि मोगलीला जीव लावणारी मेसुआ सोडली, तर गावाच्या वाट्याला हाव आणि भीतीच ठेवली. तरीही ही पुस्तकं मी मुलांच्या हातात आवर्जून देतो.

सकाळी शाळेचा नकाशासंग्रह उघड. पैनगंगेवर बोट ठेव. आपल्याच बुलडाणा जिल्ह्यात, अजिंठ्याच्या डोंगररांगेत उगम. पुढे यवतमाळची हद्द धरत ती चंद्रपूर जिल्ह्यात वर्धेला मिळते. आणि वर्धा पुढे वैनगंगेला. त्याच वैनगंगेला, जी शिवनीकडून येते, जिच्यात मोगली पोहतो! दोघींची मिळून प्राणहिता होते आणि गोदावरीत जाते. १८६५ साली मुंबईत जन्मलेल्या किपलिंगनं १८९४ आणि १८९५ ची मोगलीच्या गोष्टींची ही दोन पुस्तकं लिहिली अमेरिकेतल्या व्हर्मोंटमध्ये राहून, मोगलीचं शिवनीचं जंगल इतरांच्या वर्णनांवरून उभं करत. तू मात्र झिऱ्यातून घागर भरतेस ते पाणी पावसाळ्यात तिकडेच धावणार असतं. आणि एक बघ: मोगलीच्या कळपावर चालून येणारे कोळसुंदे, म्हणजे रानकुत्रे, येतात दख्खनहून. म्हणजे आपल्या बाजूनं.

आता पंचवीस वर्षं ओलांड. डिसेंबर २०१९. तू बुलडाण्यात राहतेस, आणि खामगाव रस्त्यावरच्या ज्ञानगंगा अभयारण्यात वाघ आल्याची बातमी तुझ्या हातात आहे. तिथे बिबटे आहेत, अस्वलं आहेत. वाघ ही मात्र मोठी बातमी. हा नर यवतमाळच्या टिपेश्वरचा, गळ्यात रेडिओ कॉलर. जूनमध्ये निघाला आणि शेतं, रस्ते, वस्त्या चुकवत, तेलंगणातही जाऊन, सुमारे १,३०० किलोमीटर चालून इथे आला. पैनगंगेच्या खालच्या अंगाचा वाघ तिच्या उगमाच्या जिल्ह्यात पोचला. इथे त्याला जोडीदारीण नाही. वाघीण आणावी का, याचा विचार वन खात्यात सुरू आहे.

तू कपाटातून जुनं पुस्तक काढतेस आणि शेवटची गोष्ट उघडतेस. बैलाचा हिशेब लावण्यापुरतीच ती तुझ्या ओळखीची. वसंतात सतरा वर्षांचा मोगली बेचैन होऊन रात्रभर धावतो, दलदली तुडवतो, आणि आपल्याला झालंय काय ते त्याला कळत नाही. लहानपणी हे सगळं तू ओलांडून जायचीस. कुणाशी लढाई नाही, कुणी शत्रू नाही, मग पोरगा पळतोय कशाला? आज तू सुरुवातीपासून वाचतेस, एकही ओळ न गाळता, आणि तो दमून मेसुआच्या झोपडीशी येतो तिथे तुला त्याचं पळणं पुरतं कळतं.