बनवाबनवीचे चाहते

‘अशी ही बनवाबनवी’ (१९८८) या मराठी चित्रपटाभोवती जमलेला प्रेक्षकवर्ग. चित्रपटाचे दिग्दर्शक सचिन पिळगांवकर; पटकथा-संवाद वसंत सबनीस यांचे. कथेचा आधार हृषीकेश मुखर्जींचा ‘बीवी और मकान’ (१९६६) हा हिंदी चित्रपट.

या चाहत्यांची खूण म्हणजे संवाद. धनंजय माने (अशोक सराफ) यांचा पत्ता विचारणारा प्रश्न, विश्वास सरपोतदारांचे (सुधीर जोशी) औषधासाठी दिलेले सत्तर रुपये, माधुरीची (अश्विनी भावे) लिंबू रंगाची साडी. यांतले एक वाक्य कुणी म्हटले, की पुढचे दुसऱ्याच्या तोंडून आपोआप येते. ओळख नसलेली माणसे त्यावर हसतात आणि बोलू लागतात. पूर्वी हे दूरदर्शन संचासमोर घडे, आता मोबाइलवरील मीम्समधूनही घडते. चित्रपटानंतर जन्मलेल्यांनाही संवाद पाठ असतात.

याचे मोठे श्रेय सबनीसांचे. ‘विच्छा माझी पुरी करा’ या लोकनाट्याच्या लेखकाला सवालजवाबाची लय अंगवळणी पडली होती, म्हणून ही वाक्ये लिहिलेली न वाटता बोललेली वाटतात. दुसरे कारण विषयात आहे. पुण्यात जागेसाठी चार तरुणांची वणवण आणि त्यापायी दोघांनी घेतलेले बायकांचे सोंग, हे एखाद्या गावातून शहरात शिकायला गेलेल्या, खोली शोधून दमलेल्या मुलालाही जवळचे वाटते. त्या सोंगांपैकी पार्वती साकारणारे लक्ष्मीकांत बेर्डे २००४ मध्ये गेले. चौघांपैकी शंतनू झालेले सिद्धार्थ रे यांचेही निधन त्याच वर्षी झाले. चाहत्यांच्या आठवणींत दोघांविषयीचा जिव्हाळा ठळक असतो.