वजन कमी करण्याची शस्त्रक्रिया : सत्तर वर्षांचा इतिहास आणि तुमचा निर्णय

लठ्ठपणावरच्या शस्त्रक्रियेचा, म्हणजे बॅरिॲट्रिक सर्जरीचा विषय निघाला की पहिला प्रश्न ठरलेला असतो, "डॉक्टर, किती किलो कमी होतील?" दुसरा प्रश्न खर्चाचा. "ऑपरेशननंतर आयुष्यभर मला काय काय सांभाळावे लागेल?" हे मात्र फार थोडे जण विचारतात. या शस्त्रक्रियेचा इतिहास वाचलात, तर हा तिसरा प्रश्नच आधी विचारायला हवा हे तुमच्या लक्षात येईल. कारण इथे बहुतेक नवी शस्त्रक्रिया आधीच्या शस्त्रक्रियेचे दुष्परिणाम टाळण्यासाठी निघाली, आणि तिने स्वतःचे काही दुष्परिणाम आणले.

आतड्याला वळसा

१९५४ मध्ये अमेरिकेतील मिनेसोटा विद्यापीठातल्या क्रेमेन, लिनर आणि सहकाऱ्यांनी लहान आतड्याचा मोठा भाग वगळण्याची कल्पना मांडली. १९६० च्या दशकात लॉस एंजेलिसच्या पेन आणि डेविंड यांनी ती रुजवली. अनेक मीटर लांबीच्या लहान आतड्यापैकी सुरुवातीचे सुमारे ३५ सेंटीमीटर आणि शेवटचे १० सेंटीमीटर एवढाच भाग अन्नाच्या वाटेत ठेवला जाई. अन्न पचायला आणि शोषायला जागाच उरत नसे, त्यामुळे वजन भराभर उतरे.

पण शरीर त्याची किंमत वसूल करत असे. सतत जुलाब होत. न शोषलेली चरबी आतड्यातल्या कॅल्शियमला बांधून ठेवी, त्यामुळे मोकळे राहिलेले ऑक्झलेट रक्तात जाई आणि मूत्रपिंडात खडे होत. वगळलेल्या आतड्यात जंतू वाढत, त्यातून सांधे दुखत. सर्वात वाईट म्हणजे काही रुग्णांचे यकृत निकामी झाले आणि त्यातले काही दगावले. अनेकांचे आतडे पुन्हा पूर्ववत जोडावे लागले. १९८० च्या सुमारास ही शस्त्रक्रिया मागे पडली.

जठर लहान करा

आयोवा विद्यापीठातले एडवर्ड मेसन यांचे लक्ष वेगळ्याच गोष्टीकडे गेले होते. अल्सरसाठी जठराचा भाग काढलेल्या रुग्णांचे वजन सहसा वाढत नसे. त्यावरून १९६६ मध्ये त्यांनी गॅस्ट्रिक बायपास केला. यात जठराच्या वरच्या भागाची लहान पिशवी करून ती थेट लहान आतड्याला जोडतात. सुरुवातीच्या जोडणीत पित्त या पिशवीत चढून जळजळ होई. म्हणून १९७७ पासून इंग्रजी 'वाय' अक्षरासारखी जोडणी वापरात आली. आजचा 'रू-एन-वाय' बायपास तो हाच.

यात एक नवी तक्रार होती, 'डम्पिंग'. गुलाबजाम, आमरस किंवा उसाचा रस घेतला की साखर एकदम आतड्यात उतरते आणि शरीरातले पाणी तिकडे ओढले जाते. अर्ध्या तासात धडधड, घाम, पोटात कळ, जुलाब. काहींना एक ते तीन तासांनी रक्तातली साखर खाली जाऊन चक्कर येते. यावरचा उपाय तुमच्याच हातात आहे. थोडे थोडे आणि चावून खा, जेवणात प्रथिने आधी घ्या, जेवताना पाणी पिऊ नका आणि गोड पेये टाळा.

मेसन यांनीच १९८० च्या सुमारास आतडे न जोडता जठराला उभे टाके आणि पट्टा घालण्याची सोपी पद्धत काढली. पोळी-भाकरी अडकून उलटी होई, पण आइस्क्रीम आणि मिल्कशेक सहज उतरत. रुग्ण त्यांच्याकडे वळले आणि अनेकांचे वजन परत आले. शस्त्रक्रिया ताटातले प्रमाण कमी करते, ताटात काय वाढायचे ते आपणच ठरवतो.

दुर्बिणीचे दिवस

१९९३ मध्ये बेल्जियममध्ये बेलाशू यांनी दुर्बिणीतून जठराभोवती कमी-जास्त आवळता येणारा पट्टा बसवला. १९९४ मध्ये अमेरिकेत विटग्रोव्ह आणि क्लार्क यांनी दुर्बिणीतून बायपास केल्याचे प्रसिद्ध केले. मोठी चीर गेली, रुग्ण लवकर हिंडूफिरू लागले. पट्टा फार लोकप्रिय झाला, पण तो सरकणे, जठरात रुतणे आणि वजन पुरेसे न उतरणे यांमुळे पुढे असंख्य पट्टे काढावे लागले.

आज सर्वाधिक होणारी 'स्लीव्ह' ही मुळात मोठ्या शस्त्रक्रियेचा एक भाग होती. अतिशय वजनदार रुग्णांवर एकदम सगळे करणे धोक्याचे, म्हणून आधी फक्त जठर अरुंद करायचे आणि उरलेले नंतर, असे ठरले. पण अनेकांचे वजन पहिल्याच टप्प्यात इतके उतरले की दुसऱ्याची गरज भासली नाही. स्लीव्हमध्ये जठराचा सुमारे तीन चतुर्थांश भाग कायमचा काढला जातो. तो परत जोडता येत नाही. आंबट ढेकर आणि छातीतली जळजळ काहींना नव्याने सुरू होते किंवा वाढते. तुम्हाला आधीपासून तीव्र ॲसिडिटी असेल तर हे सर्जनला आवर्जून सांगा.

फायदाही तेवढाच खरा

दुष्परिणामांची यादी वाचून घाबरू नका. १९९५ मध्ये अमेरिकेतील पोरिस यांनी दाखवले की बायपासनंतर बहुतेक मधुमेहींची साखर आटोक्यात येते, तीही पुरेसे वजन उतरण्याआधीच. स्वीडनमध्ये १९८७ पासून शस्त्रक्रिया झालेल्या २,०१० आणि न झालेल्या २,०३७ व्यक्तींचा पाठपुरावा केला गेला. सुमारे ११ वर्षांत पहिल्या गटात १०१ आणि दुसऱ्या गटात १२९ मृत्यू झाले. लठ्ठपणा तसाच ठेवण्यातही धोका आहे, तो फक्त हळू येतो.

निर्णय घेताना

१९९१ मध्ये अमेरिकेत तज्ज्ञांनी मर्यादा आखली : बीएमआय ४० च्या वर, किंवा ३५ च्या वर आणि सोबत गंभीर आजार. २०२२ मध्ये दोन मोठ्या संघटनांनी ती खाली आणली. आजार नसला तरी ३५, मधुमेहासारखा आजार असेल तर ३०. आपल्यासारख्या आशियाई लोकांना कमी वजनातच मधुमेह गाठतो, म्हणून आपल्यासाठी २७.५ पासून विचार करावा असे त्यांनी सुचवले. १६० सेंटीमीटर उंचीच्या व्यक्तीचे हे वजन साधारण ७० किलो होते. पण आकड्यात बसलात म्हणजे ऑपरेशन करायलाच हवे असे नाही. आहार, व्यायाम आणि आता उपलब्ध असलेली इंजेक्शने यांचा विचार आधी व्हायला हवा.

सर्जनला हे प्रश्न जरूर विचारा : माझ्यासाठी हीच पद्धत का? ती उलटवता येते का? पाच वर्षांनी माझी तपासणी कोण करेल? वजन परत वाढले तर पुढे काय?

नंतर काय सांभाळाल

बी-१२ शोषायला जठरातले आम्ल आणि एक खास प्रथिन लागते. शस्त्रक्रियेनंतर दोन्ही कमी पडतात. आपल्याकडे शाकाहारी लोकांत बी-१२ आधीच कमी असते. त्यामुळे बी-१२, लोह, कॅल्शियम आणि 'ड' जीवनसत्त्व आयुष्यभर, आणि दरवर्षी रक्ततपासणी. बरे वाटतेय म्हणून गोळ्या बंद करणे ही नेहमी आढळणारी चूक.

तिसऱ्या ते सहाव्या महिन्यात केस गळतात. पोषण नीट असेल तर बहुधा परत येतात. साबुदाण्यावरचे उपवास टाळा, त्यात प्रथिने जवळजवळ नसतात. वजन झपाट्याने उतरताना पित्ताशयात खडे होऊ शकतात. बायपासनंतर वेदनाशामक गोळ्या मनाने घेऊ नका, अल्सर होतो. मद्य लवकर आणि जास्त चढते. गर्भधारणा १२ ते १८ महिने पुढे ढकला.

सतत उलट्या होत असतील तर 'होईल बरे' म्हणत थांबू नका. बी-१ च्या कमतरतेने काही आठवड्यांत मेंदू आणि नसांना इजा होऊ शकते. पहिल्या महिन्यात ताप, नाडी जलद, पोटात वाढते दुखणे, धाप किंवा पोटरीला सूज दिसली तर त्याच दिवशी रुग्णालय गाठा.

सुरुवातीच्या रुग्णांना काय होईल हे कोणालाच माहीत नव्हते. आज आपल्याला बरेचसे माहीत आहे. किती किलो उतरतील हे विचाराच, पण सही करण्याआधी बाकीचेही विचारून घ्या.