टाचेवरचे नाव

मराठी माणूस घोड्याला टाच मारतो. लगाम, रिकीब, जीन, खोगीर, तंग हे घोडेस्वारीतले आपले बहुतेक शब्द फारसी-अरबीच्या वाटेने आले आणि घरचे होऊन गेले. टाचेला बांधायच्या टोचणीसाठी त्याच वाटेवर 'महमेज' हा शब्द उभा होता. उर्दूने तो घेतला, मराठीत मात्र तो रुळलेला दिसत नाही. जुन्या चित्रांतले आपले स्वार पाहिले की कारण लक्षात येते. हातात चाबूक किंवा कोरडा असतो, टाच मोकळी असते. टोचण्याचे काम आपण बैलांसाठी राखून ठेवले आणि त्यासाठी पराणी व तिच्या टोकाची आर हे शब्द आपल्याकडे आहेतच. त्यामुळे या लेखात मी 'स्पर' हाच शब्द वापरणार आहे. 'टाचेचा काटा' म्हटले तर वाचकांच्या डोळ्यांपुढे हाडाचे दुखणे उभे राहील.

मी घोडेस्वार नाही. तीस वर्षे कारखान्यात फिटर म्हणून काढली. काउबॉयच्या स्परशी पहिली ओळख मॅटिनीच्या इंग्रजी चित्रपटांतली, म्हणजे डोळ्यांपेक्षा कानांची. लाकडी फळ्यांवरून कोणी चालत येते आणि माणूस दिसण्याआधी टाचेची खळखळ ऐकू येते. पुढे भाचा टेक्सासात नोकरीला गेला, त्याच्याकडे दोनदा जाणे झाले आणि कॅन्यन या गावच्या पॅनहँडल-प्लेन्स संग्रहालयात काचेमागचे स्पर पाहता आले. आज माझ्याकडे तीन जोड आहेत. संग्रह म्हणावा अशी ही संख्या नाही, पण फिटरच्या हाताला विचार करायला तेवढे पुरतात.

बुटाची टाच मागून कवटाळणारी लोखंडी कमान, कमानीच्या पाठीतून निघालेला दांडा, दांड्याच्या फटीत पिनेवर फिरणारी दातेरी चक्री आणि पावलावरून जाणारी चामड्याची वादी, एवढ्यात स्पर संपतो. काही जोडांना टाचेखालून जाणारी साखळी असते, म्हणजे चालताना कमान वर सरकत नाही. काहींच्या चक्रीच्या पिनेला दोन छोटे लोलक लटकवलेले असतात; त्यांना 'जिंगल बॉब' म्हणतात. आपल्या बैलाच्या गळ्यातल्या घुंगरांचीच ही जात. वाजायचे, एवढेच काम.

चक्री पाहिली की कोणीही पहिल्यांदा विचारतो, घोड्याला लागत नाही का? उत्तर दात्यांच्या संख्येत आहे. तोच दाब पुष्कळ टोकांवर वाटला गेला तर प्रत्येक टोक कमी बोचते, हे खिळ्यांच्या फळीवर झोपणारा बुवाही जाणतो. म्हणून दिसायला भयंकर असलेली बशीएवढी, पुष्कळ दात्यांची मेक्सिकन चक्री बहुधा सौम्य असते आणि चार-पाच अणकुचीदार टोकांची, नाण्याएवढी चक्री कडक. शिवाय चक्री फिरते. अंगाला लागली की घुसण्याऐवजी घरंगळते. नवे स्पर आणले की कानस घेऊन टोके बोथट करणे ही पुष्कळ गुराख्यांची रीत होती. जखमी घोडा दुसऱ्या दिवशी कामाचा नाही, हा त्यामागचा हिशेब. जखमा होत नव्हत्या असे मात्र कोणी समजू नये. हत्यार धरणाऱ्याच्या स्वभावाप्रमाणे वागते.

मुळात स्पर हवा कशाला? काउबॉयचे काम डोळ्यांपुढे आणा. एका हातात दोर, दुसऱ्या हातात लगाम, समोर कळपातून फुटलेले जनावर. घोड्याने कधी वळायचे, कधी झेपावायचे आणि दोर ताणलेला असताना कधी मागे रेटायचे, हे सांगायला पाय तेवढे उरतात. त्यात त्यांच्या खोगिराच्या रिकिबी लांब. पाय जवळजवळ सरळ सुटतो आणि टाच घोड्याच्या कुशीपासून दूर राहते. ती फट दांडा भरून काढतो. जाणता स्वार आधी पोटरीने दाबतो, मग टाचेने आणि घोड्याने तरी ऐकले नाही तर चक्री टेकवतो. रोडिओच्या खेळात उधळ्या घोड्यावर बसणाऱ्यांच्या चक्र्या बोथट आणि मोकळ्या फिरणाऱ्या असाव्यात असा नियम आहे. बैलावर बसणारे चक्री जवळपास जखडून ठेवतात, कारण तिथे इशारा द्यायचाच नसतो. बैलाची सैल कातडी धरून अंगावर टिकायचे असते. एकच वस्तू, पण पिनेच्या ढिलाईवर तिचे काम बदलते. मला या साध्या पिनेचे कौतुक वाटते ते यासाठी.

आता वंशावळ. रोमनांच्या काळापासून युरोपात नुसत्या टोकाचे स्पर होते. फिरती चक्री तेराव्या शतकात दिसू लागते. तोवर स्पर हे सरदारकीचे चिन्ह झालेले होते. ११ जुलै १३०२ रोजी कूर्त्रे येथे फ्लँडर्सच्या पायदळाने फ्रेंच सरदारांचे घोडदळ बुडवले आणि मेलेल्यांच्या टाचांवरून सोनेरी स्पर काढून गावच्या चर्चमध्ये टांगले. परंपरा ५०० जोडांची संख्या सांगते. १३८२ मध्ये फ्रेंचांनी सूड म्हणून गाव लुटले आणि ते परत नेले. स्परांच्या संग्रहाचा विचार करताना मला नेहमी हे चर्च आठवते. तिथे टांगलेला प्रत्येक जोड कोणाचा होता हे पाडणाऱ्यांना ठाऊक नसेल, पण तो कोणाचा तरी होता यात शंका नव्हती. आजच्या संग्राहकाच्या कपाटाबद्दल असे म्हणता येत नाही, आणि त्याकडेच मला यायचे आहे.

स्पॅनिश विजेत्यांनी स्पर मेक्सिकोत नेले. वसाहतीच्या सुरुवातीला तिथल्या मूळ रहिवाशांना घोड्यावर बसायची बंदी होती. पण गुरे वाढली, माळ मोठे, माणसे थोडी. बंदी धरून गुरे वळली जाणे शक्य नव्हते. ज्यांना घोडा नाकारला त्यांच्यातूनच वाकेरो हा पेशा उभा राहिला. पुएब्ला शहराजवळचे अमोसोक हे गाव पोलादात चांदी ठोकून नक्षी करणाऱ्या स्परकारांसाठी नावाजले. १७६९ पासून कॅलिफोर्नियात मिशने उभी राहिली, तिथली गुरे वळणारेही बव्हंशी स्थानिक इंडियन होते. पुढे इंग्रजी बोलणारा गुराखी आला तेव्हा त्याने काम याच लोकांकडून उचलले आणि शब्दही. लॅसो, लॅरिअट, रोडिओ, चॅप्स हे सारे स्पॅनिशचे अपभ्रंश किंवा उसने शब्द. खुद्द 'बकारू' म्हणजे इंग्रजी जिभेवर बसलेला वाकेरो. टेक्सासच्या प्रसिद्ध किंग रँचवर १८५४ च्या सुमारास मालकाने तामाउलिपास प्रांतातल्या क्रुयास गावाची वस्तीच्या वस्ती आणून वसवली. त्यांच्या पिढ्या तिथेच गुरे राखत राहिल्या. काउबॉयचे जे चित्र आपल्या मनात आहे, त्याच्या टाचेवर मेक्सिकोचा हात आहे.

१८६५ नंतर गुरांचे तांडे टेक्सासातून उत्तरेकडे रेल्वेपर्यंत हाकले जाऊ लागले. १८६७ मध्ये कॅन्ससचे अबिलीन हे मुक्कामाचे ठिकाण झाले. काटेरी तार आणि रेल्वेचे फाटे आले आणि वीस-बावीस वर्षांत ते युग आटोपले. गंमत अशी की आज ज्यांची नावे आदराने घेतली जातात ते बहुतेक स्परकार यानंतरचे आहेत. तांड्यांच्या काळात पुष्कळांच्या टाचेवर गावच्या लोहाराचा बिननावी जोड असे, नाहीतर पूर्वेकडच्या कारखान्याचा माल. ऑगस्ट ब्युरमन याचा कारखाना न्यू जर्सीतल्या नेवार्कला होता आणि त्याच्या यादीत स्परांचे शेकडो नमुने असत. १९२६ मध्ये तो कनेक्टिकटच्या नॉर्थ अँड जड या कंपनीने घेतला. तिचा शिक्का जहाजाच्या नांगराचा. माळरानावरच्या माणसाच्या टाचेला नांगर!

नावाजलेल्या लोहारांपैकी जॉन रॉबर्ट मॅक्चेस्नी याचे दुकान १८९० पासून टेक्सासच्या गेन्सव्हिलला आणि पुढे ओक्लाहोमातल्या पॉल्स व्हॅलीला होते. बाईच्या पायाच्या आकाराचा दांडा, त्यावर मोजा, बूट आणि चांदीचा गार्टर, ही तऱ्हा त्याच्या नावाशी जोडली जाते. १९२८ मध्ये तो वारला आणि त्याचा धंदा नोकोना या बूट बनवणाऱ्या कंपनीकडे गेला. ट्यूलिया गावचा जे. ओ. बॅस एकाच लोखंडी तुकड्यातून सबंध स्पर घडवी, दांड्याला सांधा नाही. व्हिक्टोरियाच्या जो बिआंकीच्या दांड्याचा आकार असा की संग्राहक त्याला 'बॉटल ओपनर' म्हणतात. नेवाडातल्या एल्को गावचा जी. एस. गार्सिया हा कॅलिफोर्नियाकडच्या, चांदीने मढवलेल्या घाटाचा. त्याच्या खोगिराला १९०४ च्या सेंट लुईस प्रदर्शनात सुवर्णपदक मिळाले. पुढच्या काळातल्या टेक्सासच्या लोहारांनी जुन्या फोर्ड गाड्यांचे आस आणि गवत ओढायच्या दाताळ्यांचे दात तापवून-ठोकून स्पर केले. ज्या मोटारीने घोडा हटवला तिचाच आस घोडेस्वाराच्या टाचेवर आला. आमच्याकडेही भंगारातल्या कमानपाट्यांचे कोयते होतात, तेव्हा यात मला नवल वाटले नाही, जवळीक वाटली.

आता संग्राहकांकडे येऊ. अमेरिकेत त्यांच्या संघटना आहेत, जाडजूड सचित्र पुस्तके आहेत, लिलाव होतात आणि चांगला जोड हजारो डॉलरला जातो. किमतीचा कणा म्हणजे शिक्का. कमानीच्या आतल्या बाजूला बॅस किंवा मॅक्चेस्नी हे नाव ठोकलेले असले तर एक भाव. घाट तोच, लोखंड तेच, पण आत काही नाही, तर भाव उतरतो. म्हणूनच नकली शिक्के मारले जातात. हा बाजाराचा नियम आहे आणि बाजाराशी मला भांडायचे नाही. पण त्या नियमाने इतिहास लिहिला जातो तेव्हा भांडण आहे. शिक्का दुकानाचा असतो. गार्सियाच्या दुकानात मेक्सिकन रौप्यकार राबत. चांदीवरची पाने-फुले ज्याने कोरली त्याचे नाव बहुधा शिक्क्यात नसते. अमोसोकचे कितीतरी काम तर पूर्णपणे निनावी. जे ज्ञान दक्षिणेकडून आले त्याच्यावर नाव नव्हते आणि ज्याच्यावर नाव आहे ते पुस्तकात गेले. संग्राहकांच्या पुस्तकांत टेक्सासच्या लोहारांना प्रकरणे मिळतात आणि मेक्सिकन कामाला बरेचदा 'मेक्सिकन, निनावी' एवढी चित्राखालची ओळ.

याच बाजारात एक विलक्षण गोष्ट आहे. कोलोराडोच्या कॅन्यन सिटी तुरुंगात कैदी स्पर घडवत. त्यांतल्या पुष्कळ जोडांवर नावाऐवजी कैद्याचा क्रमांक ठोकलेला आढळतो. हे जोड आज मागणीत आहेत. समाजाने ज्याचे नाव काढून घेऊन आकडा दिला, त्या माणसाचे काम त्या आकड्यामुळेच ओळखू येते, आणि मोकळ्या वाकेरोचे येत नाही.

शिक्का नसेल तर मग वाचायचे काय? इथे माझा धंदा कामी येतो. वापरलेल्या जोडाच्या पिनेचे भोक गोल राहत नाही, लांबट होते. कमानीची आतली बाजू बुटाच्या चामड्याने गुळगुळीत होते आणि तिच्या कडा मरतात. कानशीने बोथट केलेल्या दात्यांवर कानशीचे आडवे ओरखडे असतात, घासून बोथट झालेल्यांवर नसतात. वादीचे कोणते भोक ताणले गेले आहे यावरून बूट केवढा होता याचा अंदाज येतो. आम्लात बुडवून किंवा मातीत पुरून जुना केलेला माल सगळीकडून सारखा जुना असतो, हाताळलेला माल तसा नसतो. अनुभवी संग्राहकही स्पर घासूनपुसून चकचकीत करू नका असे सांगतात. त्यांचे कारण किमतीचे आहे, पण त्यांच्या त्या सल्ल्याने किती कागदपत्रे वाचली असतील! वापरणाऱ्याने मागे ठेवलेले लेखन एवढेच असते आणि पॉलिशच्या एका चिंधीने ते पुसले जाते.

माझ्या तीन जोडांपैकी एक पुण्याच्या जुन्या बाजारातला, सरळ आखूड दांड्याचा, चक्री नसलेला लष्करी घाटाचा. दुसरा नॉर्थ अँड जडचा, नांगर स्पष्ट दिसतो. तिसरा भाच्याने सीमेलगतच्या एका जुन्या बाजारात घेतला, कारण तो सर्वांत स्वस्त होता. शिक्का नाही. चांदी होती, तिच्या खाचा तेवढ्या उरल्या आहेत. उजव्या स्परची चक्री मूळची आहे, डावीची नाही. मूळची तुटल्यावर कोणीतरी नाणे घेऊन त्याला दाते पाडून बसवले आहे. अशी नाण्याची चक्री करण्याची चाल त्या मुलखात होती. दाते एकसारखे नाहीत, हाताने कापलेले आहेत, तरी चक्री मधोमध फिरते, लटपटत नाही. केंद्र अचूक साधले आहे. नाण्याचा छाप इतका झिजला आहे की कोणत्या देशाचे ते मला भिंगातूनही लागत नाही, आणि त्याच्या भोवतीची पिन मात्र दुसऱ्यांदा बदललेली आहे.