अदृश्य प्रथिनाचा माग : अस्थिवृद्धीचा संदेश आणि प्रतिपिंडाचा इतिहास

भंडारा जिल्ह्यात धानाच्या बांधीत राबणाऱ्या शेतकऱ्याला 'प्रतिपिंड' हा शब्द कदाचित अपरिचित असेल. त्याचा उपयोग मात्र अपरिचित नाही. सर्पदंशावर टोचले जाणारे औषध म्हणजे घोड्याच्या रक्तरसातील प्रतिपिंडेच होत. १८९० मध्ये बेरिंग व कितासातो यांनी घटसर्प आणि धनुर्वात यांच्या संदर्भात रक्तरसाचा हा गुण दाखवून दिला. विषाला निष्प्रभ करणारे हे द्रव्य पुढे प्रयोगशाळेत पदार्थ ओळखण्याचे साधन बनले. अस्थिवृद्धीचा संदेश देणाऱ्या प्रथिनाचा इतिहास या स्थित्यंतराशी निगडित आहे.

अमेरिकेतील अस्थिशल्यविशारद मार्शल युरिस्ट यांनी १९६५ मध्ये एक विलक्षण निरीक्षण प्रसिद्ध केले. हाडातील क्षार आम्लाने विरघळवून उरलेला भाग त्यांनी प्राण्याच्या स्नायूत पुरला. जेथे हाड निसर्गतः कधीच नसते, तेथे नवे हाड तयार झाले. त्या अवशेषात आसपासच्या पेशींना 'हाड व्हा' असे सांगणारे काहीतरी होते. १९७१ मध्ये त्यास 'बोन मॉर्फोजेनेटिक प्रोटीन', म्हणजे अस्थिरूपकारी प्रथिन, असे नाव मिळाले. नाव मिळाले, प्रथिन मात्र हाती आले नव्हते. त्याच्या अस्तित्वाचा पुरावा एकच : स्नायूत पुरायचे, वाट पाहायची आणि हाड दिसते का ते तपासायचे. हाडात त्याचे प्रमाण अत्यल्प, आणि तेही इतर प्रथिनांच्या जाळ्यात घट्ट अडकलेले. १९८१ मध्ये संपत व रेड्डी या मूळच्या भारतीय संशोधकांनी या अवशेषाचे विद्राव्य आणि अविद्राव्य असे दोन भाग केले. वेगवेगळे असताना दोन्ही निष्क्रिय ठरले. पुन्हा एकत्र आणताच हाड तयार झाले. १९८८ मध्ये जॉन वॉझनी व सहकाऱ्यांनी संबंधित जनुके हस्तगत केली, तेव्हा एका प्रथिनाऐवजी एक कुटुंबच समोर आले.

जनुक मिळाल्यामुळे शुद्ध प्रथिन बनवता येऊ लागले, आणि ते प्राण्याला टोचून त्याविरुद्धची प्रतिपिंडे मिळवणे शक्य झाले. एकाच पेशीच्या वंशातून एकाच प्रकारचे प्रतिपिंड अखंड मिळवण्याची कोहलर व मिल्स्टाइन यांची १९७५ ची पद्धती तोवर रूढ झाली होती. परिणामी, जे पूर्वी केवळ कार्यावरून अनुमानले जाई, ते ऊतीच्या पातळ छेदावर रंगाच्या ठिपक्यांत दिसू लागले.

मात्र येथेच खरी अडचण आहे. या कुटुंबातील दुसरे व चौथे प्रथिन एकमेकांशी ८० टक्क्यांहून अधिक जुळते. प्रतिपिंड रेणूचा लहानसा भाग ओळखते. त्यामुळे एका भावाऐवजी दुसऱ्यालाच ओळखण्याचा संभव असतो. रंग दिसला म्हणजे तेच प्रथिन सापडले, असे नव्हे. जनुक काढून टाकलेल्या पेशीत रंग नाहीसा होतो का, ही तपासणी त्यासाठीच अनिवार्य ठरते. ती न करता निघालेल्या निष्कर्षांमुळे किती श्रम व्यर्थ गेले, याविषयी २०१५ मध्ये शंभराहून अधिक शास्त्रज्ञांनी जाहीरपणे चिंता व्यक्त केली.

संदेश पोहोचला की नाही, हा प्रश्न निराळा. प्रथिन पेशीच्या ग्राहीला चिकटले की आतील 'स्मॅड' नावाच्या प्रथिनांवर फॉस्फेट जोडला जातो. त्या फॉस्फेटयुक्त रूपालाच ओळखणारी प्रतिपिंडेही तयार झाली आहेत. पत्राऐवजी पोचपावती तपासावी, तसा हा प्रकार.

महाराष्ट्रात या विषयावर महत्त्वाचे काम पुण्याच्या राष्ट्रीय पेशी विज्ञान केंद्रात झाले. मोहन वाणी यांच्या गटाने २०१२ मध्ये असे दाखवले की, इंटरल्यूकिन-३ हे द्रव्य मानवी मध्योतक मूलपेशींना अस्थिजनक पेशींकडे वळवते. त्या वेळी दुसऱ्या अस्थिरूपकारी प्रथिनाची निर्मिती वाढते आणि स्मॅड १, ५ व ८ सक्रिय होतात. रोगप्रतिकार आणि अस्थिरचना ही दोन क्षेत्रे स्वतंत्र मानण्याची जुनी सवय अशा कामांमुळे सैल झाली.

पूर्व विदर्भाला या प्रश्नाची झळ प्रत्यक्ष आहे. भंडाऱ्यासह या पट्ट्यात सिकलसेल आढळतो, आणि विळ्यासारख्या वाकलेल्या रक्तपेशी मांडीच्या हाडाच्या डोक्याचा रक्तपुरवठा अडवतात. ऐन तारुण्यात खुबा निकामी होतो. मृत झालेल्या त्या भागात हाड पुन्हा धरेल का, हे तेथे उरलेल्या पेशींना अस्थिवृद्धीचा संदेश मिळतो की नाही, यावरही अवलंबून आहे. पुण्यातील प्रयोग सिकलसेलच्या रुग्णांवरील नव्हते.