जवस, बुधला आणि कठीण जठर

भारतातली पहिली ग्रामीण कर्करोग नोंदणी १९८७ साली बार्शीत सुरू झाली. बार्शी सोलापूर जिल्ह्यातली, पण या नोंदणीच्या कक्षेत धाराशिवचे परंडा आणि भूम हे तालुकेही आले. अशा नोंदणीत कर्करोग कुठल्या अवयवाचा याला एक सांकेतिक आकडा असतो, पेशींच्या रूपाला दुसरा. त्यातल्या ८१४२ या आकड्यामागे जठराच्या एका दुर्मीळ कर्करोगाचं नाव आहे: 'लायनायटिस प्लास्टिका'. ऐकायला अगदी परकं. पण उकलून पाहिलं तर आत जवस निघतं.

ग्रीक 'लिनॉन' म्हणजे जवसाचं झाड आणि त्याच्या खोडातला धागाही. 'लिनन' त्याच घराण्यातलं. मराठवाड्यात आपण जवसाचं बी कुटून भाकरीवर घेतो. युरोपने त्याचा धागा विणला. लंडनचे डॉक्टर विल्यम ब्रिंटन यांनी जठररोगांवरच्या १८५९च्या पुस्तकात हे नाव वापरलं, कारण जठराच्या भिंतीतलं तंतूंचं जाळं त्यांना विणलेल्या कापडासारखं दिसलं. शेवटी जोडलेलं 'आयटिस' म्हणजे दाह. तिथे मात्र ते चुकले. हा दाह नव्हे, कर्करोगच. चूक कळूनही नाव टिकलंय.

याचं दुसरं इंग्रजी नाव 'लेदर बॉटल स्टमक'. मराठीत त्यासाठी शब्द घडवायची गरजच नाही. तेल-तूप ठेवायच्या चामडी भांड्याला आपण बुधला म्हणत होतो. 'चर्मकूपी जठर' असलं काही कुणी सुचवण्याआधी 'बुधला जठर' रूढ झालेलं बरं. निरोगी जठर अन्न येईल तसं सैलावतं, बुधला जठर ताठच राहतं. मग माणूस दोन घासांत ताट सरकवतो.

हा ताठपणा शब्दांत फार जुना आहे. अशा टणक कर्करोगांना वैद्यकात 'स्किरस' म्हणत. मूळ ग्रीक शब्दाचा अर्थच कठीण. आणि आपलं 'जठर'? अमरकोशाच्या नानार्थवर्गात जठर म्हणजे पोट तर आहेच, शिवाय 'कठीण' हाही अर्थ दिलाय. अमरसिंहाला या रोगाची कल्पना असायचं कारण नाही, हा निव्वळ योगायोग. पण असा योगायोग सोडवत नाही. 'कर्करोग' हे 'कॅन्सर'चं अलीकडचं भाषांतर, सुश्रुताचा शब्द 'अर्बुद'. तरी कर्क आणि ग्रीक 'कार्किनोस' हे दोन्ही खेकडे एकमेकांचे नातलग मानले जातात, आणि अभ्यासक त्यांच्या मुळाशी कवचाचा कठीणपणा पाहतात. संस्कृतात 'कर्कश' म्हणजे खरखरीत, कठीण. मराठीने तो आवाजापुरता ठेवला. गावात अर्थात 'कॅन्सर'च म्हणतात, नाहीतर नुसतं 'गाठ'. इथे तर बहुधा गाठही नसते, सगळी भिंतच जाड होते.

असं होतं ते पेशी सुट्या होतात म्हणून. त्यांना एकमेकींशी धरून ठेवणारं ई-कॅडहेरिन हे प्रथिन पुष्कळदा हरवलेलं असतं. मग त्या ग्रंथींचा आकार न धरता एकेकट्या भिंतीत शिरतात आणि त्यांच्याभोवती तंतू माजतात. फिनलंडच्या लॉरेन यांनी १९६५ साली या गटाला 'डिफ्यूज' म्हटलं. मी 'पांगलेला' म्हणेन. वरचं अस्तर कधीकधी जवळजवळ धड दिसतं, त्यामुळे दुर्बिणीने घेतलेल्या वरवरच्या तुकड्यात काहीच सापडत नाही, खोलातला घ्यावा लागतो.

त्यात पुष्कळदा 'सिग्नेट रिंग' पेशी दिसतात. पेशीत श्लेष्म साठतो, केंद्रक कडेला रेटलं जाऊन चपटं होतं, आणि खड्याच्या जागी शिक्का असलेल्या अंगठीचा आकार तयार होतो. मुद्रिका पेशी हे नाव चांगलं आहे. पोटातली मुद्रिका म्हटलं की शाकुंतलातला मासा आठवणारच, पण त्या अंगठीने ओळख परत दिली एवढंच साम्य ताणता येईल.

हा श्लेष्म दिसावा म्हणून तुकडा रंगवतात. त्यातलं एक जुनं रंजक म्युसिकार्माइन. त्याने श्लेष्म लालसर उठतो. 'कार्माइन' हा किड्यांपासून काढलेला लाल रंग, आणि त्याच्या नावाच्या मागे अरबी 'किर्मिझ' आहे. तोच शब्द आपल्याकडे किरमिजी झाला. त्यातला फारसी 'किर्म' म्हणजे किडा, आपल्या 'कृमि'चा सख्खा भाऊ.