गेलेला स्वर परत येतो तेव्हा

विद्युत्-स्वराचे एक मोठे न्यून असे की, त्याला शरीर नसते. सतारीला भोपळा आहे, सारंगीला कातडे आहे. छेडलेला स्वर त्यांच्या पोटात घोळून मग बाहेर पडतो. ऑसिलेटरचा स्वर तारेतून थेट कर्ण्यापर्यंत येतो आणि कळ बंद केली की जागच्या जागी मरतो. मॉड्युलर सिंथेसायझर हे वाद्य अशाच सुट्या विद्युत्-खणांचे बनलेले. एक खण स्वर काढतो, दुसरा तो गाळतो, तिसरा लहानमोठा करतो. त्यांची जोडणी वादकाने तारांनी करावयाची. या वाद्यात स्वर थोड्या वेळाने परत ऐकविणारा जो 'विलंब' (आपल्या विलंबित लयीशी त्याचा संबंध नाही), तो पुष्कळांना निव्वळ साजशृंगार वाटतो. आम्हांला ते मान्य नाही. वादकाला ऐकावयास लावले ते विलंबाने, असे आमचे मत आहे. त्यासाठी पॉलिन ऑलिव्हेरॉस या अमेरिकन संगीतरचनाकार बाईंचे उदाहरण श्रोत्यांपुढे ठेवतो.

बाई १९३२ साली ह्यूस्टन शहरी जन्मल्या. त्या अकॉर्डियन वाजवीत. १९५३ साली आईने त्यांना टेपरेकॉर्डर भेट दिला. १९६२ साली मॉर्टन सबॉटनिक व रॅमन सेंडर यांनी सॅन फ्रान्सिस्कोत टेप म्युझिक सेंटर काढले, त्या मंडळींत त्याही होत्या. डॉन बुक्ला यांनी आपला पहिला सिंथेसायझर याच मंडळींसाठी बांधला.

त्या काळी विलंब साधीत कसा? दोन टेपरेकॉर्डर एकमेकांपासून दूर ठेवावयाचे आणि एकच फीत दोहोंतून ओवावयाची. पहिला मुद्रण करी, दुसरा ते वाजवी. फीत सेकंदाला १९ सेंटिमीटर सरकत असेल आणि यंत्रांत १९० सेंटिमीटर अंतर असेल, तर स्वर १० सेकंदांनी परतणार. काळ येथे जमिनीवर गजपट्टीने मोजता येतो, ही मोठी मौजेची गोष्ट! परतलेला स्वर पुन्हा पहिल्या यंत्रात सोडला की फेऱ्या सुरू होतात. प्रत्येक फेरीत त्याचे वरचे कंगोरे झिजतात, फितीची खरखर चढते. आणि प्रमाण जरा चुकले की सारे एकवटून किंचाळू लागते. म्हणून नवा स्वर टाकण्यापूर्वी मागचे १० सेकंद वादकाला कानात धरून ठेवावेच लागतात.

१९६५ साली बाईंनी 'बाय बाय बटरफ्लाय' ही कृती केली. दोन ऑसिलेटर, विलंबासाठी जोडलेले दोन टेपरेकॉर्डर आणि पुच्चीनीच्या 'मादामा बटरफ्लाय' या १९०४ सालच्या ऑपेराची तबकडी, हे तिचे मुख्य साहित्य. फितीची कापाकापी नाही. प्रत्यक्ष वाजवीत केलेले मुद्रण. नवऱ्याने टाकलेल्या जपानी स्त्रीची ती कथा. तिचे गाणे विलंबाच्या फेऱ्यांत सापडते आणि स्वतःवरच साचत जाते. एकोणिसाव्या शतकाच्या सभ्य नीतीला आणि तिच्या आडून चाललेल्या स्त्रियांच्या दडपणुकीला हा निरोप आहे, असे बाईंनी लिहिले आहे. नुसती तबकडी लावून हा निरोप साधला नसता. येणारा प्रत्येक सूर आधीच्या सुराखाली दबत जातो, म्हणूनच तो पटतो.

१९६६ साली सेंटर मिल्स कॉलेजात गेले आणि बाई त्याच्या संचालक झाल्या. तेथील खिडकीबाहेरच्या तळ्यातील बेडकांनी त्यांना वेड लावले. १९६७ सालच्या 'एलियन बॉग'मध्ये बुक्लांचा सिंथेसायझर आणि फितीचा विलंब एकत्र आले. खणांतून निघालेले चिवचिवाट, डरकाळ्या फिरून येतात, एकमेकांना ओ देतात. विलंब काढून घ्या. सुटे आवाज तेवढे उरतील, तळे नाही.

पुढे १९६९ साली फिलिप्सच्या प्रयोगशाळेत असे मंडल निघाले की, त्यात विद्युत्-भार या घरातून त्या घरात सरकत जातो, आगीच्या वेळी माणसांच्या रांगेतून बादल्या सरकाव्यात तसा. आता सारा विलंब तळहाताएवढ्या खणात मावतो. अंकीय यंत्रे तर स्वर न झिजविता परत देतात. गंमत अशी की, जुन्या फितीची झीज त्यांत मुद्दाम घालतात.

स्वतः बाई १९८८ साली वॉशिंग्टन राज्यातील फोर्ट वॉर्डन येथे जमिनीखालच्या एका रिकाम्या पाण्याच्या टाकीत अकॉर्डियन घेऊन उतरल्या. बरोबर ट्रॉम्बोनवादक स्टुअर्ट डेम्पस्टर आणि गायक पानायोटिस होते. तेथे एक स्वर विरावयास सुमारे ४५ सेकंद लागत.