चक्राकार उन्मादाची हकीकत

इ. स. १८५४ च्या जानेवारी महिन्याच्या अखेरीस ज्यूल बायार्जे या फ्रेंच वैद्यानें पॅरिसच्या वैद्यक-अकादमीपुढें एक निबंध वाचला. मनुष्यास कांहीं काळ अनावर उत्साह चढतो व त्यामागोमाग खोल विषाद येतो, हीं दोन निरनिराळीं दुखणीं नसून एकाच दुखण्याचीं दोन रूपें होत, असा त्याचा सिद्धांत होता. पंधरवडा लोटतो न लोटतो तोंच झां-पिअर फाल्रे हा साठीकडे झुकलेला वैद्य त्याच सभेपुढें उभा राहिला आणि, ही गोष्ट आपण १८५१ पासून सांगत आलों आहों, असें त्यानें निक्षून बजावलें. अग्रमानाचा हा तंटा पुढें बराच काळ चालला. विद्वानांचीं भांडणें पाहणाऱ्याच्या करमणुकीपलीकडे बहुधा उपयोगीं पडत नाहींत. परंतु या भांडणाच्या पोटीं एक खरा मतभेद दडलेला होता.

उन्माद आणि विषाद यांचें नातें कापाडोशियाच्या आरेटिअस या प्राचीन ग्रीक वैद्यासही दिसलें होतें. तेव्हां नुसती जोडणी नवी नव्हती. बायार्जेनें उत्साहाचा व विषादाचा झटका मिळून एक दुखणें मानलें. मधला स्वस्थ काळ त्याच्या हिशेबांत आला नाहीं. फाल्रेनें मात्र तो काळही चक्राचाच एक आरा मानला व दुखण्यास ‘चक्राकार उन्माद’ असें नांव दिलें. त्यास हें दिसलें याचें कारण साधें आहे. तो पॅरिसमधील साल्पेत्रिएर या स्त्रियांच्या प्रचंड रुग्णालयांत काम करी, आणि तेथें त्याच त्याच रुग्ण स्त्रिया वर्षानुवर्षें त्याच्या नजरेखालीं असत. आठ दिवस पाहणाऱ्यास एक झटका दिसतो; दहा वर्षें पाहणाऱ्यास एक आयुष्य दिसतें.

घरोघर आजही हीच अडचण आहे. दोन महिन्यांपूर्वीं रात्र रात्र जागून नवे धंदे मांडणारा, उसनवारी करून वस्तू आणणारा व कोणाचेंही न ऐकणारा मुलगा आज अंथरुणावरून उठत नाहीं. घरचीं माणसें पहिल्या अवस्थेस उधळेपणा म्हणतात, दुसरीस आळस. त्या दोहोंस ओवणारा काळाचा दोरा त्यांच्या हातीं नसतो, म्हणून दोष स्वभावावर जातो.

हा दोरा चिकाटीनें धरला तो जर्मन मनोवैद्य एमिल क्रेपेलिन यानें. हायडेलबर्ग येथें असतांना तो प्रत्येक रुग्णामागें एक पत्रक राखी, आणि रुग्ण घरीं गेल्यावरही पुढें त्याचें काय झालें याची नोंद त्यांत भरी. आपल्या प्रसिद्ध पाठ्यग्रंथाच्या १८९९ च्या आवृत्तींत त्यानें या विकारास ‘उन्माद-विषाद’ असें जोडनांव देऊन, बुद्धीचा उत्तरोत्तर ऱ्हास करणाऱ्या दुसऱ्या रोगांपासून तो वेगळा काढला. झटका ओसरला म्हणजे या रुग्णाची बुद्धि बहुधा जागेवर येते, हें त्याच्या पत्रकांनीं दाखवून दिलें. ज्या कुटुंबानें आपलें माणूस कायमचें गेलें असें मानलें होतें, त्यास या वाक्यानें किती धीर दिला असेल!

तथापि त्याच क्रेपेलिनचा वंशऱ्हासाच्या कल्पनेवर विश्वास होता, आणि त्याचा शिष्य एर्न्स्ट र्‍यूडिन तर त्या मार्गानें फारच पुढें गेला. जर्मनींत हिटलरच्या राजवटीनें १४ जुलै १९३३ रोजीं सक्तीच्या निर्बीजीकरणाचा कायदा केला. ज्या व्याधि असलेल्यांस संतति होऊं द्यावयाची नाहीं त्यांच्या यादींत ‘चक्राकार उन्माद’ हें नांव स्पष्ट घातलेलें आहे, व त्या कायद्यावरील भाष्याच्या कर्त्यांत र्‍यूडिन आहे. रुग्णांकडे वर्षानुवर्षें पाहून फाल्रेनें जें नांव घडविलें, तेंच ऐंशी वर्षांनीं त्यांच्यावर शस्त्र धरण्यास कामीं आलें.

उपचाराचा मार्ग सांपडला तो भलत्याच ठिकाणीं, आणि चुकीच्या तर्कानें. जॉन केड हा ऑस्ट्रेलियन डॉक्टर दुसऱ्या महायुद्धांत सिंगापूरच्या चांगी तळावर जपान्यांचा कैदी होता. सुटून आल्यावर मेलबर्नजवळील बुंडूरा येथील रुग्णालयांत, एका पडीक कोठीच्या खोलींत, त्यानें प्रयोग आरंभिले. उन्मादी रुग्णाच्या मूत्रांत कांहींतरी विष असावें असा त्याचा तर्क होता. तें गिनीपिगांस टोंचतांना त्यानें एक आम्ल विरघळविण्यासाठीं लिथियमचा क्षार वापरला, आणि तीं जनावरें शांत पडलीं. बहुधा तीं विषबाधेनेंच निपचित झालीं असावींत, असें आज मानतात. केडनें तो क्षार आधीं स्वतः घेऊन पाहिला, व २९ मार्च १९४८ रोजीं पांच वर्षें उन्मादांत असलेल्या एका ५१ वर्षांच्या रुग्णास दिला. जुलैंत तो रुग्ण घरीं गेला व जुन्या नोकरीवर रुजू झाला.

येथें ही कथा संपती तर बरें होतें. त्या गृहस्थानें बरें वाटूं लागल्यावर औषध सोडलें, आणि कांहीं महिन्यांत तो रुग्णालयांत परत आला. १९५० मध्यें लिथियमच्याच विषबाधेनें त्याचा अंत झाला. गुणकारी मात्रा आणि घातक मात्रा यांमध्यें या औषधांत अंतर फार थोडें असतें. अमेरिकेंत १९४९ सालींच, हृद्रोग्यांनीं मिठाऐवजीं लिथियमचा क्षार खाल्ल्यामुळें मृत्यु घडून त्या पदार्थावर बंदी आली होती. केडनें आपल्या रुग्णालयांत तें औषध बंद केलें. रक्तांतील लिथियम मोजून मात्रा ठरविण्याचा मार्ग मेलबर्नमध्येंच ट्राउटनर व त्याचे सहकारी यांनीं १९५१ मध्यें दाखविला. आजही रुग्णाची रक्ततपासणी होते ती त्याचसाठीं.

डेन्मार्कमधील मोगेन्स स्कौ याच्या घरांतच हें दुखणें होतें. त्याच्या भावास तरुणपणापासून विषादाचे झटके वारंवार येत, व लिथियमनें ते थांबले. स्कौनें व बास्ट्रुप यानें १९६७ मध्यें ८८ स्त्रियांच्या अनेक वर्षांच्या नोंदी पुढें मांडल्या : हें औषध झटका शमवितें इतकेंच नव्हे, तर पुढचा झटका टाळतें. लंडनच्या दोघां टीकाकारांनीं १९६८ मध्यें ही निव्वळ दंतकथा ठरविली. त्यावर १९७० मध्यें, लिथियमवर स्वस्थ असलेल्या ८४ रुग्णांपैकीं ३९ जणांस गुपचूप निरुपद्रवी गोळी देण्यांत आली. पांच महिन्यांत त्यांतील २१ जण पुन्हां आजारी पडले. लिथियम घेणाऱ्या ४५ जणांपैकीं एकही नाहीं. फाल्रेचा उपेक्षित मध्यंतर हाच उपचाराचा खरा काळ ठरला.

नांवाचें स्थित्यंतरही झालें. लेओनहार्ड यानें १९५७ मध्यें केलेल्या भेदावरून १९८० पासून ‘द्विध्रुवी विकार’ असें म्हणूं लागले. आपल्या भाषेंत ध्रुव म्हणजे अढळ. ज्या दुखण्याचा धर्मच चळण्याचा, त्यास हें नांव आम्हांस शोभत नाहीं. शिवाय उत्साह व विषाद एकाच वेळीं नांदतात अशा मिश्र अवस्था क्रेपेलिननेंच वर्णिल्या आहेत.

औषध हातीं आलें, तरी केडच्या पहिल्या रुग्णानें घातलेला प्रश्न शिल्लकच आहे : बरा असलेला मनुष्य औषध कां घेईल? के रेडफील्ड जेमिसन या अमेरिकन विदुषी स्वतः या रोगाच्या अभ्यासक, आणि स्वतःच रुग्ण. त्यांनीं १९९५ च्या आपल्या आत्मकथनांत सांगितलें आहे कीं, या औषधाचें महत्त्व जाणत असूनही आरंभीचीं वर्षें आपण त्याशीं झगडलों, तें सोडलें, आणि तें जिवावर बेतलें. उत्साहाच्या भरांतील तेज व वेग यांची ओढ त्यांनीं लपविलेली नाहीं. घरच्या माणसांनीं याला हट्ट म्हणण्यापूर्वीं हें ध्यानीं घ्यावें कीं, तापकऱ्यास ताप जावासा वाटतो. या रुग्णास त्याच्या तापांत कधीं कधीं स्वतःचें सर्वोत्तम रूप दिसलेलें असतें.

म्हणून व्यवहारांत उपयोग होतो तो लहान गोष्टींचा : ठराविक वेळची झोंप, वेळेवर तपासलेलें रक्त, आणि क्रेपेलिनच्या पत्रकासारखी रुग्णानें स्वतः राखलेली मनःस्थितीची रोजनिशी. झोंप एकाएकीं उडाली तर पुष्कळदां तीच पहिली वर्दी असते. भारताच्या २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यानें आणखी एक सोय केली आहे. आपलें भान जाईल तेव्हां कोणते उपचार व्हावेत, कोणते होऊं नयेत, आणि आपल्या वतीनें कोणी बोलावें, हें प्रौढ मनुष्यास आगाऊ लिहून ठेवतां येतें. तें लिहावयाचें मधल्या स्वस्थ काळांत, आणि मन पालटलें तर बदलावयाचें तेंही त्याच काळांत.